सुट्टीत काही अडल्यास

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचे सूचनापत्रक मी लिहीत नाही. मागच्या वर्षीचे उघडते आणि तारखा बदलते. बारा वर्षे ही पद्धत चालू आहे आणि तिच्यात मला कधी काही उणे वाटलेले नाही. शिक्षकखोलीतला फ्रीज दरवर्षी रिकामा करावाच लागतो, खिडकीतल्या कुंड्या दरवर्षी टेबलावर आणाव्याच लागतात, आणि सूचनेत 'कृपया' घातले काय किंवा गाळले काय, जानेवारीत फ्रीजमध्ये सापडणाऱ्या डब्यांची संख्या चार ते सहा यांच्यातच राहते. जे वाक्य काम करत नाही ते नव्याने लिहिल्यावर करू लागेल, याला पुरावा नाही.

दूर उत्तरेकडच्या, बर्फाळ भागातल्या एका शाळेत मी रसायनशास्त्र शिकवते. उपमुख्याध्यापक असल्यामुळे पत्रकही माझ्याकडे आहे. यंदा त्या मंगळवारी माझ्यापुढे एकशे बारा उत्तरपत्रिका होत्या, त्यातल्या एकोणचाळीस तपासून झाल्या होत्या. बाहेर पावणेदहाला उजाडत होते आणि अडीचला मावळत होते. शिक्षकखोलीत कोणी पूर्ण वाक्य बोलत नव्हते. कॉफीच्या यंत्रापाशी दोन माणसे उभी असली तर एक 'शुक्रवार' म्हणे आणि दुसरा मान हलवी. एवढ्यावर संभाषण संपे. दोन उत्तरपत्रिकांच्या मधल्या वेळात मी पत्रक उरकले. अठरा मिनिटे लागली. गुण गुरुवारी दुपारपर्यंत नोंदवणे, खऱ्या मेणबत्त्या न लावणे, आपापले कॉफीचे मग धुऊन घरी नेणे, शुक्रवारी दोनला हीटिंग सतरा अंशांवर येणार असल्याने कुंड्या काचेपासून दूर ठेवणे, असे एकूण सोळा मुद्दे. एक्केचाळीस जणांना पाठवले आणि चाळीसावी उत्तरपत्रिका उघडली.

हे पत्रक कोणी वाचत नाही, हे माझे रडगाणे नव्हे, निरीक्षण आहे. चार वर्षांपूर्वी मी नोव्हेंबरच्या एका पत्रकात बाराव्या मुद्द्याखाली लिहिले होते की इथवर वाचणाऱ्याने माझ्या टेबलाच्या वरच्या खणातून एक चॉकलेट घ्यावे. तीन आठवडे वाट पाहिली. एकच माणूस आला: वेइयो. शाळेच्या इमारतीची सगळी देखभाल त्याच्याकडे होती. हीटिंग, कुलुपे, दिवे, छतावरचा बर्फ. त्याने दोन चॉकलेटे उचलली. एकच घ्यायचे असे लिहिले आहे, हे मी दाखवून दिले. दुसरे इर्यासाठी आहे, तिनेही वाचले आहे पण तिचे हात पिठात आहेत, असे तो म्हणाला. इर्या म्हणजे त्याची बायको. शाळेचे स्वयंपाकघर ती चालवते. वाचकांची संख्या मी तेव्हा दोन अशी नोंदवली.

नाताळाआधीच्या बुधवारी जेवणात तांदळाची लापशी असते. एरवी आपले आपण वाढून घ्यायचे; त्या दिवशी मात्र इर्या स्वतः डाव घेऊन उभी राहते, कारण पातेल्यात तीन बदाम टाकलेले असतात आणि ज्याच्या ताटलीत बदाम येईल त्याचे वर्ष चांगले जाते अशी समजूत आहे. सव्वीस वर्षांत मला तो एकदा मिळाला, आणि त्याच वर्षी माझे मनगट मोडले. नमुना एकाचाच आहे, म्हणून त्यावरून काही सिद्ध होत नाही.

इर्याने माझ्या ताटलीत लापशी घातली, वर दालचिनी भुरभुरली आणि माझ्याकडे पाहिले.

"पत्रक मिळालं," ती म्हणाली. "शेवटपर्यंत वाचलं."

मी आभार मानले आणि पुढे सरकले. दुसरा घास घेताना मला मुद्दा क्रमांक सोळा आठवला. फोन काढून पाहिला. तो तिथेच होता, दरवर्षी जसा असतो तसा:

'१६. सुट्टीत काही अडल्यास: वेइयो. कधीही.' आणि पुढे नंबर.

'कधीही' हा शब्द त्याचाच. पहिल्या वर्षी मी 'कार्यालयीन वेळेत' असे लिहिले होते, आणि पाइप कार्यालयीन वेळेत फुटत नाहीत असे सांगून त्याने तो खोडायला लावला होता. नगरपालिकेने देऊ केलेला फोन त्याने कधी घेतलाच नाही. नंबर त्याचा स्वतःचा, घरचा.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, हिवाळ्यासाठी होडी काठावर ओढून पालथी घालत असताना वेइयो गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. आम्ही एक्केचाळीस जण चर्चमध्ये होतो. शाळेच्या वतीने पुष्पचक्र ठेवायला मुख्याध्यापक तुओमो आणि मी पुढे गेलो होतो. त्यानंतर इमारतीचे काम नगरपालिकेने ओउलू शहरातल्या एका कंपनीला दिले. एकशे ऐंशी किलोमीटरवरून ती कंपनी आमचे हीटिंग कमीजास्त करते. तिचा नंबर ऑक्टोबरपासून प्रत्येक दारावर चिकटवलेला आहे. मी तो रोज पाहते.

जेवण तसेच ठेवून मी शिक्षकखोलीत गेले आणि आडूनआडून चौकशी केली. कोणाच्याही लक्षात आले नव्हते. स्वीडिश शिकवणाऱ्या रित्वाला, पत्रक मिळाले का, असे विचारल्यावर, कुठले, असे तिनेच मला विचारले. तुओमो आपल्या खोलीत गळ्याला मफलर गुंडाळून, डोळे मिटून बसला होता. झोपला नव्हता, त्याच्या हातात पेन होते.

मी काय घडले ते सांगितले. त्याने डोळे उघडले.

"सोळावा? हेल्वी, मी नवव्याच्या पुढे कधी गेलेलो नाही."

"नववा कशाचा आहे?"

"फ्रीजचा. तोही रित्वा ओरडते म्हणून माहीत."

मग तो जरा सरळ बसला आणि म्हणाला की दुरुस्ती पाठव, कंपनीचा नंबर घाल, विषय संपव आणि घरी जा. एरवी मीही हाच सल्ला दिला असता. मी दुरुस्तीचे वाक्य लिहायला घेतले आणि अडकले. चाळीस जणांच्या नजरेला जे पडले नव्हते ते दुरुस्तीमुळे पडणार होते. एकीला ते आधीच दिसले होते, आणि तिला ती दुरुस्ती दुसऱ्यांदा वाचावी लागणार होती. चूक तशीच ठेवणे हाही पर्याय नव्हता. पत्रकात मृताचे नाव आणि निरुपयोगी नंबर असणे ही वस्तुस्थितीची चूक होती. नंबर निरुपयोगी आहे हे मी गृहीत धरले होते. तपासले नव्हते.

दीड वाजता मी स्वयंपाकघरात गेले. इर्या मोठ्या पातेल्यात कमरेपर्यंत वाकून तळाला लागलेली लापशी खरवडत होती. मदतनीस बायका निघून गेल्या होत्या. मी उभ्याउभ्याच माफी मागायला सुरुवात केली. वाक्य मनात तयार होते, पण इर्या मध्येच पातेल्यातून वर आली आणि तिने हात पुसले.

राग आला नाही, असे ती म्हणाली. फोन चालूच आहे. बंद करायचा म्हणून दोनदा दुकानापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा पाव घेऊन परत आली. त्यातच फोन येऊ लागले. ऑक्टोबरपासून सहा आले. एक कोणीतरी विमा विकणारा होता, बाकीचे पाच शाळेचे. व्यायामशाळेचे दार अडकले होते, तेव्हा ते वर उचलून मग ढकलायचे असते असे तिने सांगितले. कोणाला सभागृहातल्या दिव्यांचा तो एक खटका सापडत नव्हता. एकतीस वर्षे रात्रीच्या जेवणाबरोबर तिने या इमारतीबद्दल ऐकले होते. तेव्हा कंटाळा यायचा, असे ती म्हणाली. आता विचारणारा विचारतो आणि तिला उत्तर येत असते. लोक आधी चपापतात, मग आभार मानून ठेवून देतात.

"कोण फोन करतं?" मी विचारले.

"नाव सांगत नाहीत. मीही विचारत नाही."

तिने खरवडणी पाण्यात टाकली. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "काल वाचलं तेव्हा मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंस."

हो म्हणणे सोपे होते. ते एक अक्षर खोटे ठरवता येईल असा कोणताही पुरावा जगात नव्हता. तिचा चेहरा अजून सिंककडे होता, आणि तिला माझ्याकडून काय ऐकायचे आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण मुलांच्या वहीत जो आकडा प्रयोगात आला नाही तो लिहिलेला सापडला की मी ते पानच बाद करते, मग आकडा कितीही सुंदर असो.

"नाही," मी म्हणाले. "मागच्या वर्षीचंच उघडलं होतं. तारखा बदलल्या. शेवटपर्यंत पोचले नाही."

"हं."

"थकले होते. ही सबब नाही, पण तसं झालं."

"सगळेच थकलेत," इर्या म्हणाली आणि गरम पाणी सोडले. "मग बदल. कंपनीचा नंबर टाक. बरोबर तेच आहे."

तिचा आवाज एरवीसारखाच होता. वाफ वर आली आणि पाण्याच्या आवाजात आणखी काही बोलता येण्यासारखे नव्हते. मी दारापर्यंत गेले तेव्हा ती म्हणाली की नव्या वर्षात फोन बंद करायचाच आहे. दुकानात ओळखीची मुलगी आहे, पाच मिनिटांचे काम.

खरे सांगितल्याचे समाधान वाटते म्हणतात. मला वाटले नाही.

चार वाजता मी माझ्या वर्गामागच्या रसायनांच्या कोठडीत होते. बाहेर काळोख, उणे चोवीस. कोठडीतला रेडिएटर दोन आठवडे ठोके देत होता आणि अर्धा थंड होता. शुक्रवारी हीटिंग आणखी उतरले असते तर बाहेरच्या भिंतीलगतच्या फडताळावरची द्रावणे गोठून बाटल्या तडकण्याची शक्यता होती. ही काळजी खरी होती, फोन करण्यासाठी शोधलेले निमित्त नव्हे. दारावरच्या नंबरावर मी फोन लावला. सदतीस मिनिटे संगीत ऐकले. मग एका सौजन्यपूर्ण माणसाने इमारतीचा सांकेतिक क्रमांक विचारला, मला तो ठाऊक नव्हता, त्याने शोधून काढला, आणि तक्रार नोंदवली. माणूस नऊ ते तेरा जानेवारीच्या दरम्यान येईल. तोवर बाटल्या दुसरीकडे हलवता येतील का, असे त्याने विचारले. सूचना वाजवी होती. विषारी रसायनांना कुलूपबंद जागा हवी आणि ती एवढीच आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

मग मी दुसरा नंबर लावला. दोन घंटा वाजल्या.

"बोल," इर्या म्हणाली. वेइयोही फोन असाच उचलायचा.

मी रेडिएटरचे सांगितले. तो कुठला ते तिने विचारले नाही.

"कोठडीतला ना? खालचा व्हॉल्व्ह आहे त्याला हात लावू नकोस, तो मागे एकदा हातातच आला होता. वरच्या टोकाला, भिंतीच्या बाजूने चाचपड. चौकोनी आहे. किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवलेली असेल."

चौकटीवर धुळीत एक छोटी पितळी किल्ली होती. त्या दारातून मी सव्वीस वर्षे ये-जा करते आहे.

"पाव फेरा डावीकडे. त्याच्याहून जास्त नको. आधी हवा सुटेल, मग काळं पाणी. खाली काहीतरी धर."

मी चंचुपात्र धरले. हवा सुटली, बराच वेळ सुटत राहिली, मग काळे पाणी आले. मी किल्ली परत फिरवली. ठोके थांबले. पाइपच्या गरम होण्याची रेषा हाताला डावीकडून उजवीकडे सरकताना जाणवली. घड्याळ पाहिले: चार मिनिटे.

फोन चालूच होता. पलीकडे रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगत होते.

"थांबलं?"

"थांबलं," मी म्हणाले. मग सांगितले की सोळाव्या मुद्द्यात दोन नंबर देता येतील. आधी कंपनीचा, कारण तो नियमाप्रमाणे द्यावाच लागेल, आणि मग हा. तिची तयारी असेल तरच.

"कीव करतेस का, हेल्वी?"

"नाही. मोजलं. त्यांना सदतीस मिनिटं लागली आणि वर जानेवारी. तुला चार मिनिटं."

"दुपारी म्हणालीस की चूक झाली."

"झालीच होती. नाव चुकलं होतं. नंबर बरोबर निघाला."

रेडिओ बंद झाल्याचे ऐकू आले. मी चंचुपात्रातल्या काळ्या पाण्याचा गाळ खाली बसताना पाहत राहिले.

"त्याचं नाव काढ," ती शेवटी म्हणाली. "माझं घाल. आडनाव नको, इर्या पुरे." आणि थोड्या वेळाने: "'कधीही' राहू दे."

गुरुवारी सकाळी तुओमोला मजकूर दाखवला. असे नियमात बसते का, असे त्याने विचारले. नगरपालिकेला विचारलेले नाही, असे मी सांगितले. मग त्यालाही विचारू नये, असे त्याने सुचवले आणि मफलर वर ओढला. दहा वाजता एक्केचाळीस जणांना दुरुस्ती गेली:

'मुद्दा १६ मध्ये माझ्याकडून चूक झाली होती. तो असा वाचावा. सुट्टीत काही अडल्यास: दारावरचा नंबर. तिथे दाद न लागल्यास: इर्या. कधीही.' नंबर तोच होता. मी तो टंकलेला नाही. होता तिथे राहू दिला.

कोणाचेही उत्तर आले नाही. शुक्रवारी दोनला हीटिंग उतरले. कुंड्या काचेलाच टेकलेल्या होत्या. अकरा कुंड्या मी टेबलावर आणल्या. फ्रीजकडे मी पाहिले नाही. उरलेल्या उत्तरपत्रिका घरी नेल्या, आणि सुट्टीचे पहिले चार दिवस बहुतेक झोपले.

जानेवारीच्या सात तारखेला शाळा उघडली. फ्रीजमध्ये पाच डबे सापडले. कोठडीतला रेडिएटर सगळीकडे सारखाच गरम होता, बाटल्या शाबूत होत्या. जेवणाच्या वेळी वाटाण्याचे सूप होते आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यायचे होते; पण इर्या बाहेर आली आणि पावाच्या टोपलीपाशी उभी राहिली.

"एक फोन आला," ती म्हणाली. "सव्वीस तारखेला. तुओमोचा."

तुओमो त्याचा चष्मा न्यायला आला होता आणि बाजूच्या दाराचे कुलूप गोठले होते. उणे एकतीस. कंपनीकडे नाताळाचे संगीत चालू होते. इर्याने त्याला किल्ली मुठीत धरून गरम करायला, मग आत घालून न फिरवता मनात साठ मोजायला सांगितले. दार उघडले.

"आधी त्याने 'वेइयो' असं म्हटलं," इर्या म्हणाली. ती टोपलीतले पाव नीट लावत होती, जे नीटच होते. "मग एकदम गप्प झाला. इतका वेळ गप्प की मला वाटलं, आता ठेवतोय."

"मग?"

"मग मी म्हटलं, बोल."

आत कोणीतरी तिला हाक मारली आणि ती गेली.

म्हणजे तुओमोने सोळावा मुद्दा वाचलेला नव्हता. मी दाखवला तेव्हाही त्याने तो पाहिला असेल, वाचला नसेल. थंडीत बोटे बधिर झाली तेव्हा त्याने फोनमधले एक जुने नाव दाबले, इतकेच. त्या फोनचा माझ्या दुरुस्तीशी काही संबंध होता असा निष्कर्ष काढता येत नाही. पुष्पचक्र ठेवताना तो माझ्या शेजारी उभा होता, आणि डोळे पुसून त्याचे हातमोजे ओले झाले होते, हे मला आठवते.

सूप निवत होते. मी माझा फोन काढून पाहिला. रेडिएटरच्या दिवशी मीही जे दाबले होते ते नाव तिथे तसेच होते. ते बदलायला दहा सेकंद लागली असती. मी फोन खिशात ठेवला. मग वर जाऊन डिसेंबरचे पत्रक उघडले, मूळ प्रत पुसली, दुरुस्त केलेली ठेवली आणि तिला पुढच्या वर्षाचे नाव दिले, कारण तेव्हाही मी नव्याने काही लिहिणार नाही, हे मला माहीत आहे.